स्थिर हात : पापनाशमहून तंजावरपर्यंत एक शास्त्राभ्यास

वाचनासाठी शास्त्रभाग : निर्गम १७:८-१३, हबक्कूक २:१-४, याकोब २:१-९



युरोपच्या यात्रेहून परतलेली आपली मंडळी उत्तर स्पेनमधील कॅथीड्रल-नगरांविषयी मोठ्या कौतुकाने बोलतात. १२२१ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला ते बुर्गोसचे भव्य मंदिर, आणि शतकानुशतके पायी येणाऱ्या यात्रेकरूंचे अंतिम ठिकाण असलेले सांतियागो दे कोम्पोस्तेला, ही दोन नावे त्यांच्या बोलण्यात हटकून येतात. सांतियागो म्हणजे संत याकोब. जब्दीचा पुत्र याकोब याची कबर तेथे आहे अशी परंपरा सांगते, आणि त्या कबरेच्या ओढीने आजही हजारो लोक चालत जातात. अशा नगरास भेट देण्यात गैर काही नाही. मात्र जुन्या दगडांपुढे उभे राहिल्यावर आपण नेमके काय पाहावे, हा प्रश्न प्रत्येक यात्रेकरूने स्वतःस विचारला पाहिजे.

या पाठात मी आपणांस स्पेनला नेणार नाही. आपल्याच देशात, कावेरीच्या खोऱ्यात, मराठी इतिहास आणि ख्रिस्ती मंडळीचा इतिहास जेथे एकमेकांस भेटतात अशा एका नगरास, म्हणजे तंजावरास, आपण जाणार आहोत. परंतु प्रारंभ तंजावरात न करता अलीकडच्या एका लहान गावात करू. त्या गावाचे नाव आहे पापनाशम.

१. दोन कॅथीड्रलांमधले गाव

कुंभकोणमहून तंजावरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पापनाशम हे स्थानक लागते. तेथून कुंभकोणम सुमारे पंधरा किलोमीटर, तर तंजावर सुमारे पंचवीस किलोमीटर दूर आहे. योगायोग असा की ही दोन्ही नगरे रोमन कॅथलिक बिशपांची आसने आहेत. कुंभकोणमचा धर्मप्रांत १८९९ साली, तर तंजावरचा १९५२ साली स्थापन झाला. म्हणजे हे गाव दोन कॅथीड्रलांच्या मध्ये, हिरव्यागार भातखाचरांच्या कुशीत वसलेले आहे.

गावाच्या नावाचा अर्थ मराठी वाचकास सांगावा लागत नाही. आपल्या पापांचा नाश व्हावा, ही मानवी अंतःकरणाची आर्त हाक त्या नावात ऐकू येते. प्रभू येशू ख्रिस्ताच्या वधस्तंभापाशी ज्यांना या हाकेचे उत्तर मिळाले आहे, त्यांनी शेजाऱ्याच्या तोंडची ही हाक आदराने ऐकावी असे मला वाटते.

तथापि पापनाशम येथे माझे पाऊल ज्या वास्तूपाशी अडखळले, ती कोणतेही उपासनामंदिर नव्हते. ते एक धान्याचे कोठार होते. तिरुप्पालैत्तुरै येथील हे विटांचे गोलाकार, निमुळत्या माथ्याचे कोठार सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात, तंजावरच्या नायक राजांच्या काळी बांधले गेले. त्यात तीन हजार कलम धान्य मावत असे, असे सांगतात. कलम हे तमिळ देशातील धान्याचे जुने माप आहे. त्या वास्तूभोवती फिरताना पवित्र शास्त्राच्या कोणत्याही वाचकास योसेफाची आठवण व्हावी. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने नगरोनगरी धान्य साठवले आणि दुष्काळात ती कोठारे उघडली (उत्पत्ती ४१).

पण कोठार भरलेले असले म्हणजे भुकेल्याचे पोट भरतेच असे नाही. धान्य अडवून ठेवणाऱ्याविषयी लोक काय म्हणतात, हे नीतिसूत्रकाराने परखडपणे लिहून ठेवले आहे (नीतिसूत्रे ११:२६). कोठार आणि भुकेला यांच्यामध्ये आणखी एक गोष्ट लागते. ती कोणती, हे तंजावरच्या इतिहासातील एका प्रसंगावरून कळून येते.

२. धान्य होते, विश्वास नव्हता

शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी राजे यांनी १६७० च्या दशकात तंजावर घेतले, आणि पुढे १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशे ऐंशी वर्षे, तेथे भोसल्यांचे घराणे नांदले. या दरबाराशी जर्मन मिशनरी ख्रिस्तियान फ्रीडरिख श्वार्ट्झ यांचा निकट संबंध आला. १७२६ साली जन्मलेले श्वार्ट्झ १७५० साली समुद्रकिनाऱ्यावरील तरंगमबाडी येथे उतरले. पुढे अनेक वर्षे त्यांनी तिरुचिरापल्ली येथे सेवा केली आणि १७७८ साली ते तंजावरास स्थायिक झाले. तमिळ तर त्यांना येतच होती. त्याशिवाय फारसी आणि हिंदुस्थानी या भाषा त्यांनी आत्मसात केल्या होत्या, आणि राजदरबाराशी बोलता यावे म्हणून ते मराठीही शिकले. तंजावरचे तुळजाजी राजे त्यांना मान देत असत.

१७८० साली हैदरअलीने कर्नाटकावर स्वारी केली आणि लवकरच तंजावरचा मुलूख उजाड झाला. किल्ल्यातील शिबंदी व आश्रयास आलेले लोक उपाशी मरू लागले. बाहेर खेड्यांत धान्य शिल्लक होते. ते वाहून आणावयास बैलही होते. पण रयत धान्य देईना. यापूर्वी सरकारने माल घेतला होता आणि पैसे दिले नव्हते. राजाच्या शब्दावर कोणी विश्वास ठेवीना, कंपनीच्याही ठेवीना. शेवटी श्वार्ट्झ यांना मध्ये पडण्याची विनंती करण्यात आली. त्यांनी लोकांना निरोप धाडला की प्रत्येकाचे पैसे मी स्वतः चुकते करीन. थोड्याच दिवसांत बैलांच्या पाठीवरून धान्य किल्ल्यात येऊ लागले. श्वार्ट्झ यांनी आपला शब्द पाळला आणि किल्ला वाचला.

पुढेही असेच घडले. कारभाऱ्यांच्या जुलमास कंटाळून हजारो शेतकरी गावे सोडून गेले आणि जमिनी ओसाड पडल्या. राजाने परत बोलावले तरी ते येईनात. श्वार्ट्झ यांनी हमी घेतली तेव्हा ते परतले आणि पेरण्या झाल्या.

वाचकहो, येथे थोडे थांबून विचार करा. त्या दिवसांत तंजावरात उणीव होती ती विश्वासार्ह शब्दाची. लोकांना फसवणूक ओळखता येत होती, म्हणूनच खरा शब्दही ओळखता आला.

३. एका शब्दाचा अभ्यास

पवित्र शास्त्राचा अनुवाद करणाऱ्यास हा प्रसंग एका इब्री शब्दाकडे घेऊन जातो. तो शब्द म्हणजे 'एमूना'. आपण प्रार्थनेच्या शेवटी म्हणतो तो 'आमेन' हा शब्दही त्याच धातूपासून आला आहे. न डळमळणे, टिकून राहणे, भार पेलणे हा त्या धातूचा मूळ भाव आहे.

हबक्कूक संदेष्टा बुरुजावर उभा राहून देवाच्या उत्तराची वाट पाहत असता त्याला सांगण्यात आले की नीतिमान मनुष्य आपल्या 'एमूना'ने जगेल (हबक्कूक २:४). प्रेषित पौलाने रोमकरांस व गलतीकरांस लिहिताना हेच वचन घेतले. ग्रीक भाषेत त्यासाठी 'पिस्तिस' हा शब्द आहे. इब्री शब्दाचा कल विश्वासूपणाकडे अधिक आहे. ग्रीक शब्दात विश्वास आणि विश्वासूपणा हे दोन्ही अर्थ सहज सामावतात. मराठीत मात्र आपल्याजवळ दोन वेगळे शब्द आहेत. मी देवावर भरवसा टाकतो तो 'विश्वास', आणि दुसऱ्याने माझ्यावर भरवसा टाकावा असे माझे वागणे असते तो 'विश्वासूपणा'. अनुवादकास प्रत्येक ठिकाणी यांपैकी एक शब्द निवडावा लागतो आणि दुसरा कागदाच्या कडेला पडतो. माझ्या टेबलावर अनेकदा असे घडले आहे, आणि दर वेळी काहीतरी हरवल्याची हुरहूर लागली आहे.

मूळ भाषेत हे दोन अर्थ एकाच मुळाची दोन पाने आहेत. जो देवावर खरोखर टेकला आहे, त्याच्यावर माणसांनाही टेकता येते. विश्वास आहे पण विश्वासूपणा नाही, अशी स्थिती हबक्कूकाला कळलीच नसती.

या शब्दाचा शास्त्रातील पहिला उपयोग फार बोलका आहे. अमालेकाशी लढाई चालली असता मोशेचे हात थकून जड झाले. तेव्हा अहरोन व हूर यांनी त्याला दगडावर बसवून, एकाने एका बाजूने व दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने त्याचे हात सावरले. त्यामुळे सूर्य मावळेपर्यंत त्याचे हात स्थिर राहिले (निर्गम १७:१२). येथे 'स्थिर' या अर्थी मुळात 'एमूना' हाच शब्द आहे. म्हणजे विश्वासूपणाचे शास्त्रातील पहिले चित्र हाताचे आहे: थकलेला, तरीही खाली न आलेला हात. ते चित्र मनात ठेवून आता आपण तंजावर नगरात जाऊ.

४. संगमरवरातील हात

राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेले बृहदीश्वराचे मंदिर पाहण्यास प्रत्येक प्रवासी जातो. त्याच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा १८०३ सालचा विस्तृत मराठी शिलालेख आहे. तमिळ देशाच्या अंतर्भागात आपली भाषा दगडावर कोरलेली पाहून मराठी मनुष्याचा ऊर भरून येतो. तो शिलालेख सरफोजी राजे दुसरे यांच्या आज्ञेने कोरला गेला.

त्याच परिसरात, शिवगंगा तळ्याजवळ, १७७९ साली श्वार्ट्झ यांच्या पुढाकाराने बांधलेले एक साधे चर्च आहे. येथे बुर्गोसचे मनोरे नाहीत की रंगीत काचांची भव्य तावदाने नाहीत. पण आत एक पांढऱ्या संगमरवरी शिल्पाची शिळा आहे, आणि तीही सरफोजी राजांनीच बसवून घेतली. १८०१ साली त्यांनी लंडनच्या ख्रिस्ती ज्ञानप्रसारक संस्थेस पत्र लिहून आपल्या गुरूचे स्मारक पाठविण्याची विनंती केली. जॉन फ्लॅक्समन या नामांकित इंग्रज शिल्पकाराने ते घडविले. मृत्युशय्येवर पडलेले श्वार्ट्झ, उशाशी उभे असलेले सहकारी मिशनरी गेरिके, पायाशी शाळेतील मुले, आणि वृद्ध गुरूचा हात आपल्या हातात घेतलेला तरुण मराठी राजा, असे ते दृश्य आहे.

या हातामागे एक इतिहास आहे. १७८७ साली तुळजाजी राजांचा अंत जवळ आला तेव्हा त्यांनी दत्तक घेतलेल्या दहा वर्षांच्या सरफोजीला श्वार्ट्झ यांच्या हाती सोपविले. परक्या धर्मोपदेशकाने राज्याचा पालक व्हावे हे योग्य नाही, असे ओळखून श्वार्ट्झ यांनी राजाचे बंधू अमरसिंह यांचे नाव सुचविले. अमरसिंह यांनीच पुढे गादी घेतली आणि मुलाचे हाल होऊ लागले. श्वार्ट्झ यांनी त्याला वाऱ्यावर सोडले नाही. त्यांनी त्याच्या शिक्षणाची व्यवस्था केली, १७९३ साली तो मद्रासेस सुरक्षित पोहोचेल असे पाहिले, आणि त्याच्या हक्कासाठी अखेरपर्यंत लिहीत राहिले. १३ फेब्रुवारी १७९८ रोजी श्वार्ट्झ प्रभूमध्ये निजले. त्याच वर्षी सरफोजी गादीवर बसले. शिष्याचा राज्याभिषेक गुरूने पाहिला नाही. सूर्य त्याआधीच मावळला होता, पण हात खाली आला नव्हता.

सरफोजी राजे ख्रिस्ती झाले नाहीत. १८३२ साली मरेपर्यंत ते आपल्या पूर्वजांच्या धर्मात राहिले. एका भिंतीवर त्यांनी आपल्या कुळाचा इतिहास कोरविला, दुसऱ्या भिंतीवर ख्रिस्ती गुरूचे स्मारक लावले, आणि गुरूच्या थडग्यासाठी स्वतः इंग्रजीत शोककाव्य रचले. त्यांनी सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. त्यांच्या छापखान्यातून १८०६ साली इसापच्या गोष्टींचे मराठी पुस्तक 'बालबोध मुक्तावली' निघाले. श्रीरामपूर येथे मत्तयाचे मराठी शुभवर्तमान छापले गेल्याला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते.

आपल्यापैकी काही जण विचारतील, "मग श्वार्ट्झ यांच्या श्रमाचे फळ काय?" हा प्रश्न बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतून विचारला जातो. प्रेषित पौलाने कारभाऱ्याकडून एकच गोष्ट अपेक्षिली आहे, ती म्हणजे त्याने विश्वासू ठरावे (१ करिंथ ४:२). वाढविणे हे देवाचे काम आहे. ज्या मुलाला फसविण्यात अनेकांचा लाभ होता, त्याला न फसविणारा एक मनुष्य भेटला, ही साक्ष त्या संगमरवरात आहे, आणि ती एका ख्रिस्ती नसलेल्या राजाने दिलेली आहे.

५. दोन बाजूंना बसलेली मंडळी

परंतु थोर पुरुषांचे स्तवन करून थांबणे हा शास्त्राभ्यास नव्हे. पवित्र शास्त्र दाविदाचेही दोष झाकीत नाही. म्हणून दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या पाहिजेत.

पहिली गोष्ट सत्तेविषयी. १७७९ साली मद्रास सरकारने श्वार्ट्झ यांना शांतीचा निरोप देऊन हैदरअलीकडे श्रीरंगपट्टणास पाठविले. हैदरने त्यांचा सन्मान केला, कारण या माणसाच्या शब्दावर त्याचा भरवसा होता. प्रवासखर्चासाठी मिळालेले पैसेही श्वार्ट्झ यांनी स्वतःकडे न ठेवता तंजावरच्या अनाथ मुलांच्या शाळेस दिले. पण ज्यांनी त्यांना पाठविले त्यांच्या शब्दाची किंमत काय होती? १७६९ च्या तहात साहाय्याचे वचन देऊनही इंग्रजांनी मराठ्यांच्या स्वारीच्या वेळी हैदरला मदत केली नव्हती. निरोपानंतर वर्षभरातच युद्ध पेटले. विश्वासू माणसाच्या शब्दामागे अविश्वासू सत्ता उभी राहू शकते, हा धडा आजच्या ख्रिस्ती संस्थाचालकांनीही शिकण्यासारखा आहे.

दुसरी गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. तंजावरच्या मंडळीत वेल्लाळ जातीचे ख्रिस्ती एका बाजूस व परैयर ख्रिस्ती दुसऱ्या बाजूस बसत असत. श्वार्ट्झ यांनी ही प्रथा हळूहळू झिजेल या आशेने चालू दिली. ती झिजली नाही. पुढच्या पिढीतील मिशनऱ्यांनी ती मोडू पाहिली तेव्हा मोठा कलह झाला. त्या विरोधाचे पुढारीपण श्वार्ट्झ यांच्याच एका शिष्याने, थोर तमिळ ख्रिस्ती कवी वेदनायगम शास्त्री (१७७४-१८६४) यांनी केले. 'बेथलेहेम कुरवंजी' हे त्यांचे काव्य प्रसिद्ध आहे, आणि सरफोजी राजांनीही त्यांचा गौरव केला होता. १८२९ च्या सुमारास त्यांनी नव्या मिशनऱ्यांच्या चार जुलमांची यादी मांडली. त्यात सर्व जातींना एकत्र बसण्याची सक्ती होती, सणातील फुलांवर व आपल्या संगीतावर घातलेली बंदी होती, आणि पवित्र शास्त्राचा जुना अनुवाद बदलण्याचा खटाटोपही होता.

अनुवादकाने ही यादी वाचली म्हणजे त्याची मान खाली जाते. ज्या शब्दांत लोकांनी आपल्या मेलेल्यांना निरोप दिला, ते शब्द बदलताना त्यांना होणारे दुःख खरे असते. फुले व गाणी यांविषयीची त्यांची तक्रारही मला न्याय्य वाटते. परंतु त्याच यादीत, त्याच लेखणीने, भाऊबंदाशेजारी बसावे लागते हाही जुलूम म्हणून नोंदला आहे. आपल्या दुखावलेपणात न्याय्य आणि अन्याय्य अशा गोष्टी किती सहज एकत्र बांधल्या जातात!

येथे याकोबाचे पत्र आपल्यापुढे येते. स्पेनमधील त्या नगरास ज्याचे नाव मिळाले तो प्रेषित याकोब आणि या पत्राचा लेखक हे एकच नव्हेत; परंपरेने हा लेखक प्रभूचा बंधू याकोब मानला जातो. सोन्याची अंगठी घातलेल्यास उत्तम जागा व मळकट वस्त्रे घातलेल्यास पायांजवळची जागा देणाऱ्या मंडळीला तो विचारतो की तुम्ही आपसांत भेद केला नाही काय (याकोब २:१-४). विश्वासाची परीक्षा तो आसनव्यवस्थेवर घेतो. सांतियागोपर्यंत शेकडो किलोमीटर चालत जाणे पुण्यप्रद वाटते. आपल्याच चर्चमध्ये दहा पावले चालून दुसऱ्या बाजूला जाऊन बसणे अधिक कठीण असते.

महाराष्ट्रातील आपल्या मंडळ्यांत बाके वेगळी नसतील. पण सोयरिकीची बोलणी, मंडळीच्या समितीची निवडणूक आणि दफनभूमीतील जागा यांकडे पाहिले तर तंजावरची ती दोन बाजूंची मंडळी आपल्यातही बसलेली दिसेल. ज्या श्वार्ट्झ यांच्या शब्दावर परक्यांनी धान्य दिले, त्यांच्याच मंडळीतील दुर्बल बांधवाला मात्र समान जागेसाठी पिढ्यांनी वाट पाहावी लागली. विश्वासूपणा दरबारात सिद्ध होऊनही उपासनेच्या दाराशी थकू शकतो.

६. आपल्यासाठी बोध

म्हणून मोशेच्या हातांकडे पुन्हा एकदा पाहा. ते हात त्याच्या एकट्याच्या बळावर स्थिर राहिले नाहीत. अहरोन आणि हूर यांनी ते सावरले. श्वार्ट्झ यांचा हात जेथे स्थिर होता त्याबद्दल देवाचे आभार मानू. जेथे तो थकला, तेथे सावरण्याचे काम नंतरच्यांचे होते, आणि आज ते आपले आहे.

पापनाशमच्या कोठारात आज धान्य नाही, पण ते रिकामे कोठारही आपणांस प्रश्न विचारते. आपल्या गावात उद्या संकट आले आणि लोकांना कोणाच्या तरी शब्दावर आपला शेवटचा दाणा द्यावयाचा असेल, तर ते एखाद्या ख्रिस्ती मनुष्याचे दार ठोठावतील काय? आपले होय हे होय असावे, असे प्रभूने सांगितले (मत्तय ५:३७). दुकानातील उधारीची वही, शाळेच्या निधीचा हिशेब, भावाच्या वाट्याची जमीन, यांतच त्या आज्ञेची परीक्षा होते.

जो पूर्णपणे विश्वासू आहे त्याचे हात आपल्यासाठी वधस्तंभावर पसरले गेले, आणि सूर्याचा प्रकाश नाहीसा झाला तरी ते मागे घेतले गेले नाहीत. आपला विश्वास त्या हातांवर टेकलेला असो, आणि त्यांतून आपल्या हातांना विश्वासूपणा लाभो.

मननासाठी प्रश्न

१. 'विश्वास' आणि 'विश्वासूपणा' यांत आपण व्यवहारात कोठे फारकत करतो? एक उदाहरण आठवा.

२. स्तोत्र १५:४ वाचा. तोटा होत असतानाही शब्द पाळावा लागला, असा प्रसंग आपल्यावर आला आहे काय?

३. आपल्या मंडळीत अदृश्य अशा कोणत्या दोन बाजू आहेत? येत्या रविवारी आपण कोठे व कोणाशेजारी बसाल?

४. आपल्या ओळखीच्या कोणत्या थकलेल्या सेवकाचे हात सावरण्यासाठी प्रभू आपणांस बोलावीत आहे?